रोटेगावची छोटी लाइन

(पाडव्याची सकाळ. सिडकोतल्या नानासाहेबांच्या घराची वरची खोली. मधोमध मोठं टेबल, त्यावर काल मधुसूदननी आणून मांडलेलं रोटेगाव स्टेशनचं हाताएवढं मॉडेल. नानासाहेब आणि शेजारचे मधुसूदन टेबलावर वाकलेले. दारात आवडाबाई, नानासाहेबांची बायको.)

आवडाबाई : सुटली का गाडी?

नानासाहेब : थांब जरा.

आवडाबाई : तीन पाडवे थांबले. हा चौथा. खाली पोळ्या थंड्या होतायत अन् तुमच्या दोघांची डोकी मघापासून टेबलात. इंजिन चालंना का काय?

मधुसूदन : वहिनी, इंजिन उत्तम चालतं. आत्ताच हातात धरून पाहिलं. चाकं अगदी गरगर फिरतात.

आवडाबाई : हातात फिरतंय व्हय? मग हातात घेऊनच फिरा सिडकोभर. लोकं पण बघतील.

नानासाहेब : आवडा, तू खाली जा. झालं की हाक मारतो.

आवडाबाई : सरका. बघू द्या... अगं बाई! हे तर रुळाच्या मधी बसलंय. डबक्यात म्हैस बसल्यावानी.

मधुसूदन : किरकोळ तांत्रिक अडचण आहे.

नानासाहेब : अडचण कशाची? मास्तरनी रूळ फाकवून ठोकलेत. सरळ बोला की.

मधुसूदन : मी फाकवले? नानासाहेब, तुमच्या इंजिनाने पाय आखडून घेतलेत, ते बघा.

नानासाहेब : वाळूजला कंपनीच्या टूलरूममधी तीस वर्षं काढली मी. माझ्या हातचा जॉब कधी परत आला नाय. व्हर्निअर लावून मोजून बघा. चाकांमधी बारा मिलिमीटर म्हणजे बारा.

मधुसूदन : आणि माझे साडेसोळा म्हणजे साडेसोळा. रेल्वेत स्टेशन मास्तर होतो मी, वरात काढणारा बँडवाला नव्हे.

आवडाबाई : म्हणजे दोघांचं बी बरोबर?

मधुसूदन : अगदी बरोबर.

आवडाबाई : अन् गाडी खड्ड्यात.

नानासाहेब : त्याला मी काय करू? ठरलं व्हतं कागदावर. ह्या बघ दोघांच्या सह्या. ‘रोटेगाव स्टेशन, माप एकास सत्त्याऐंशी’. इंजिन अन् डबे माझ्याकडं, रूळ मास्तरांकडं.

आवडाबाई : रूळ कुठले, छोट्या लाइनीचे का मोठ्या, हे लिहिलंय का?

नानासाहेब : त्यात काय लिहायचं? रोटेगाव म्हणलं की छोटी लाइन. आपल्या टायमाला दुसरी व्हतीच कुठं?

मधुसूदन : रोटेगाव म्हटलं की मोठी लाइन, ब्रॉडगेज! मी तिथे रुजू झालो तेव्हा छोटी लाइन उखडून दोन वर्षं झाली होती. माझ्या कारकिर्दीत तिथून छोटी गाडी गेलेली नाही. मग मी तिचे रूळ कशाला टाकू?

आवडाबाई : अन् तीन वर्षांत एकमेकांला विचारलं नाय?

मधुसूदन : विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात हे माझ्या गॅलरीत रूळ बघायला आले आणि म्हणाले, मास्तर, तुमच्या रुळाचा सांधा अर्धा मिलिमीटर वर आलाय.

नानासाहेब : आलता वर.

मधुसूदन : मी म्हटलं, काम पूर्ण होईपर्यंत माझ्या गॅलरीत पाय ठेवायचा नाही.

नानासाहेब : मग मी बी म्हणलं, माझ्या लेथकडं फिरकायचं नाय.

आवडाबाई : अन् रोज संध्याकाळी खाली पारावर बसून मग काय चालायचं? मी आपली ऐकायची. ‘काय मास्तर, प्रगती?’ ‘उत्तम. तुमची?’ ‘एक नंबर.’ मला वाटायचं, लई मोठी माणसं आहेत, थोडक्यात बोलतात.

मधुसूदन : वहिनी, टोमणे कळतात मला.

आवडाबाई : टोमणे कळतात, एवढे रूळ कळंना. मागल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन मी तुमच्याकडं आलते. यमुनाताई म्हणल्या, या, आमच्या ह्यांचं स्टेशन बघा. बघितलं मी. तुमच्या दोन रुळांच्या मधी माझा अंगठा बसला.

मधुसूदन : अंगठा?

आवडाबाई : हा. अन् घरी येऊन ह्यांच्या इंजिनाच्या दोन चाकांमधी बोट घातलं तर करंगळीच बसली. मी तवाच ह्यांना म्हणलं. म्हणलं का नाय?

नानासाहेब : आता ते जुनं काहून काढती?

मधुसूदन : थांबा, थांबा. नानासाहेब, वहिनींनी तुम्हाला सांगितलं होतं?

आवडाबाई : सांगितलं. ‘अहो, तुमचं इंजिन भाऊजींच्या रुळाला बारीक पडंल.’ तर काय म्हणले, सांगा की. सांगा मास्तरांना.

नानासाहेब : ध्यानात नाय.

आवडाबाई : माझ्या हाये. ‘ब्लाऊजाचं माप न्हाय हे, शिवणकामातला अंदाज इथं चालत नसतो. तुला काय कळतंय त्यातलं?’

मधुसूदन : अरेरे.

आवडाबाई : तुम्ही नका अरेरे करू भाऊजी. तुम्हाला बी म्हणलं व्हतं मी, एकदा इंजिन आणून ठेवून बघा म्हणून. तुम्ही यमुनाताईंला म्हणले, ह्यांना एक चहा द्या.

मधुसूदन : चहा... चहा आदराने दिला होता.

आवडाबाई : चहा चांगला व्हता. ते जाऊ द्या. आता शब्दाचं बोला. मागल्या पाडव्याला मास्तरांच्या समोर कोण बोललं, ‘पुढल्या पाडव्याला गाडीनं एक चक्कर नाय मारली तर टेबल खाली अन् शिलाई मशीन वर’?

नानासाहेब : आज लगेच?

आवडाबाई : मग पाचव्या पाडव्याला? तीन वर्षं झाली माझी मशीन जिन्याखाली. पावसाच्या झडीनं पायडल गंजलं. बायका मापाला येतात तर त्यांना वाकून उभं करावं लागतं, डोकं आपटतं एकेकीचं. ह्या खोलीला खिडकी हाये, उजेड हाये. अन् इथं कोण राहतंय? चार बोटाची गाडी. ती बी खड्ड्यात.

नानासाहेब : आवडा, खरं सांगू का? ही खोली गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठं? कंपनीची बस तर आता यायची नाय. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मी साडेपाचला उठून कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचो. तुला म्हणायचो, फिरायला जातो. ड्रायव्हर एकदा थांबला अन् म्हणला, नाना, चढता का? त्या दिवशी घरी आलो अन् हे टेबल ठोकाया घेतलं.

आवडाबाई : हे मला कधी सांगितलं नाय.

नानासाहेब : सांगण्यासारखं व्हतं का?

मधुसूदन : वहिनी, माझं मत विचाराल तर...

आवडाबाई : नाय विचारत. हटा, तो डबा बघू द्या. हा बी तुम्ही केला का? ह्याला तर खिडक्या हायेत. अन् हे काय, आत कोण बसवलंय?

नानासाहेब : पॅसेंजर.

आवडाबाई : पिवळं लुगडं. हातात हिरव्या बांगड्या. टाचणीच्या टोकाएवढ्या! चष्मा लावून केल्या का भिंगानं?

नानासाहेब : भिंगानं.

मधुसूदन : हा पण एक मुद्दा आहेच. माझ्या प्लॅटफॉर्मवर कालपासून हा एक इसम उभा आहे. फेटा बांधलेला, हातात तांब्या. कोण हा? ठरलेल्या यादीत नाही. मी काढून टाकणार होतो.

नानासाहेब : हात लावू नका त्याला!

आवडाबाई : अगं आई. भाऊजी, तो इसम ओळखला मी.

मधुसूदन : कोण?

आवडाबाई : नवरदेव. लग्न लावून वऱ्हाड रोटेगावला छोट्या गाडीत बसलं. मला तहान लागली. मी काय बोलले नाय, नवी नवरी मी, कशी बोलणार? पण ह्यांनी बघितलं अन् तांब्या घेऊन नळावर उतरले. इंजिनानं शिट्टी मारली. गाडी सुटली अन् हे फेट्यासकट फलाटावर.

मधुसूदन : गाडी चुकली? स्वतःच्या वरातीची?

आवडाबाई : मी खिडकीतून बघतेय, हे तांब्या घेऊन पळतायत. पाणी सांडतंय. सासूबाई म्हणल्या, येईल संध्याकाळच्या गाडीनं. घरी आलो, तर माप ओलांडायला नवरा नाय. नवऱ्याबिगर नवरी उंबरा ओलांडत नाय म्हणले. मला शेजारच्या ओट्यावर बसवलं दिवस मावळंपर्यंत. सगळ्या गल्लीतल्या बाया बघायला आल्या, की हिचा नवरा कुठं सांडला म्हणून.

मधुसूदन : नानासाहेब, हे तुम्ही मला कधीच बोलला नाहीत.

नानासाहेब : काय बोलू? रिटायर झालेला माणूस, बायको बसून गेली ती गाडी करतोय म्हणून सांगू? तुम्ही पारावर सगळ्यांना सांगितलं असतं.

मधुसूदन : सांगितलं असतं. हे मान्य आहे.

नानासाहेब : म्हणून नुस्तं रोटेगाव म्हणलं. मला वाटलं, तेवढ्यात समजंल. मास्तर, ही गाडी मोठ्या लाइनीवर कधी आलीच नाय. ती छोटीच व्हती. चाकं नाय बदलणार मी. टेबल काढायचं तर काढा.

मधुसूदन : चाकं बदला म्हणालं कोण? रूळ मी उचलतो. सरकारने छोटी लाइन काढून मोठी टाकली, आपण मोठी काढून छोटी टाकू. तीन महिने लागतील.

नानासाहेब : तुमचे तीन म्हणजे तीस.

मधुसूदन : तर मग तुम्ही येऊन बसा माझ्या गॅलरीत. सांधे तपासा. अर्धा मिलिमीटर वर आला तर बोला.

नानासाहेब : खरंच येऊ?

मधुसूदन : वहिनींचं काय ते आधी विचारा. खोली त्यांची झाली आता. शब्द म्हणजे शब्द.

आवडाबाई : मशीन आजच वर येणार. त्यात बदल नाय. खिडकीपाशी.

नानासाहेब : अन् टेबल?

आवडाबाई : त्या भिंतीकडं सरकवा. दोन हात जागा मला पुरती. मशीनचा आवाज होईल, गाडीचा म्हणून ऐका. अन् भाऊजी, रूळ ठोकताना ते व्हर्निअर-बिर्निअर राहू द्या घरी. मला हाक मारा. माझी करंगळी घेऊन मोजा.

मधुसूदन : मारतो. आणि चहा देतो... म्हणजे आधी ऐकतो, मग चहा.

आवडाबाई : चला खाली, पोळ्या खायला. अहो, तुम्ही काय बघत उभे राहिले?

नानासाहेब : काय नाय. वाटलं, हसशील.

आवडाबाई : हसलेच की मघापासून. एक काम करा फक्त, मग गाडी तीन महिन्यांनी सोडा नायतर तीन वर्षांनी.

नानासाहेब : काय?

आवडाबाई : त्या तांब्यावाल्याला आधी डब्यात बसवा.