दोन्ही डाव्या

दवाखान्यातल्या बाकावर मुरगळलेला पाय सांभाळत पोस्टमन आपल्या नंबरची वाट बघत होता. शेजारी एक नवराबायको येऊन टेकले. नवऱ्याचं बोट ओल्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. पोस्टमनने पेपर उघडला आणि कान तिकडे लावले.

"तीस वर्षं तापल्या नळीवर गिटारच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या लाकडी पट्ट्या वाकवताय. बोट आजच कसं भाजलं?"

"लक्ष उडालं."

"कशाने?"

"हळू बोल. दुसरी पट्टी वाकवता वाकवता कळलं, दोन्ही डाव्याच झाल्यात."

"अगंबाई! मग एक उलटी करून लावा."

"एका टोकाला निमुळती असते ती. उलटून चालत नाही."

"मागच्या वर्षी जावईबापूंच्या हातून दोन्ही उजव्या झाल्या होत्या, नाही का?"

"तो विषय नको."

"तुम्ही त्या रिबीन बांधून, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांनाच भेट दिल्यात. वर म्हणालात, डावं-उजवं तर आंधळ्यालाही कळतं."

"गंमत केली गं."

"अजून असतील त्यांच्याकडे. लाकूडही एकाच फळीचं."

"मी मागायला जाऊ? मेलो तरी नाही."

"नका जाऊ."

"आणि त्याला यातलं अक्षरही कळता कामा नये. शपथ आहे तुला."

"शपथ जरा उशिरा घातलीत."

"म्हणजे?"

"तुम्ही फडकं भिजवत होतात ना, तेव्हाच फोन केला. निघालेत ते."

"इकडे? कशाला?"

"एक उजवी द्यायला. रिबीन सोडू का, विचारत होते. मी म्हटलं, राहू दे."