गोल मारून मान खाली

हसा तुम्ही, पण माझं लग्न एका गोलापायी मोडून राह्यलं होतं. मी पडलो फुटबॉलमधला स्ट्रायकर. सात वर्षांत चार क्लब बदलले. मुलीच्या मामांना तिथंच शंका आली, "एका जागी टिकत न्हाई, म्हणजे काहीतरी लफडं असणार."

पिंपळगाव रेणुकाईला बैठक बसली, बोलणी चालू होती, अन् मामांनी मोबाइल पुढं केला. माझाच गोल होता, जुन्या क्लबाविरुद्ध मारलेला.

"हा गोल तुम्हीच मारला ना?"

"हो, मामा."

"मंग बाकीचे नाचून राह्यले अन् तुम्ही हात जोडून मान खाली घातली. माफी कशाची मागितली? मॅच आधीच विकली होती का?"

सगळी बैठक माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणलं, "मामा, आमच्यात रिवाज आहे. आधी ज्यांच्याकडून खेळलो, त्यांच्यावर गोल मारला तर त्यांच्यासमोर नाचायचं न्हाई. त्यांचं मीठ खाल्लेलं असतं."

मामा "बराबर" म्हणले, पण नजर काही हटली न्हाई.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या दर्शनाला वरात निघाली. मित्रांनी मला घोड्यावरून उतरवलं, मीही बिलकुल न लाजता नाचलो. मात्र पाराजवळच्या एका निळ्या दारासमोर माझे पाय आपोआप थांबले अन् मान खाली गेली.

मामांनी जल्दी येऊन दंड धरला, कानाशी आले.

"जावाई, खरं सांगा. ह्या घरी पोरगी पाहायला कधी आल्ते?"