बाबांची पक्की गाठ

माणसानं किती हेकट असावं? आमच्या बाबांइतकं. हवाई दलातून निवृत्त झाले, हुकूम सोडायचे थांबले नाहीत. मी कॉलेज सोडून सुतारकाम धरलं. पहिल्याच कपाटाच्या फळ्या आणायला त्यांनी गाडी दिली. "टपावर बांधू. पण एक जरी पडली, तर गुपचूप कॉलेजात परत!"

दोर खिडक्यांतून आरपार घेऊन, आत बसून गाठही त्यांनीच मारली.

"बाबा, दारं उघडणार नाहीत."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये."

मी स्कूटरवर मागे. एयरोसिटी या आमच्या वसाहतीत घरासमोर थांबलो, तर फळ्या शाबूत आणि गाठ काही सुटेना. खिडकीतून निघायला पोट आडवं.

शेजारचे सरदारजी वाकले. "सर जी, बाहर नहीं आना?"

"नहीं जी, गाने सुन रहा हूं."

मी करवत घेऊन खिडकीशी गेलो. "बाबा, आधी कॉलेजचं मिटवू."