सात दिवसांचा पानकाढा

बसा बाई, बसा — ह्या दगडावर बसा, त्यो सावलीत हाय — तर मी काय म्हणत हुतो? व्हय, की उभ्या मावळात, हिकडं कामशेतपासनं तिकडं लोणावळ्यापर्यंत, इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात चौदा लेख लिवलेला म्हातारा एकच, आन् त्यो तुमच्या म्होरं बसलाय. महिपती माझं नाव. आता चौदातले तेरा तुमी लोकांनी काढून टाकले, आन् चौदाव्यासाठी तुमी तळेगावासनं लोकलनं सोता आलाय, ही गोष्ट येगळी. आन् ‘लिवले’ तरी कशाचं — बोललो. फोनात बोलायचं, फोन लिवतो. पर लय शिष्ट फोन! मी ‘न्हाई’ म्हटलं की त्यो ‘नाही’ छापतो, मी ‘हितं’ म्हटलं की त्यो ‘हित’ छापतो, आन् मग माझं हित कशात हाय ते मलाच कळत न्हाई. चौथीत दोनदा बसलो तवा मास्तरनं सोडलं, आता म्हातारपणी हा खिशातला मास्तर मागं लागलाय. तुमीबी मास्तरीण हुता न्हवं? रिटायर? वाटलंच. मी बोलतोय आन् तुमच्या डोळ्यात लाल पेन चाललंय.

‘इंदिरा तळेगाव’ — ह्या नावानं माझ्या लेखांवर शेरे यायचे तवा मला वाटायचं, कुणी मिशीवाला हवालदार असंल, बाईचं नाव घेऊन बसलेला. पगार न्हाई म्हणता? फुकाट? सकाळी च्या झाला की बसायचं आन् लोकांचं लिवलेलं काढायचं? बाई, मग तुमी आन् मी एकाच जातीचे — मी फुकाट घाण करतो, तुमी फुकाट झाडता. हसा की. हसलं म्हणून लेख ठेवावा लागत न्हाई.

बेगडेवाडीचा लेख तुमीच काढला ना? व्हय म्हणा, राग न्हाई. मी लिवलंवतं, की त्या बेगडेवाडी ठेसनाजवळ एका राजाचा हत्ती मुक्कामाला हुता, त्याच्या कपाळाला रोज सकाळी बेगड चिकटवायचे, म्हणून बेगडेवाडी. सगळं पोटातनं काढलेलं! राजा न्हाई, हत्ती न्हाई, बेगड न्हाई. तुमी अकरा दिवसांनी काढला, पर तवर काय झालं म्हायती हाय? लेण्याच्या पायथ्याला एक गाईड चार पाव्हण्यांना तीच गोष्ट सांगत हुता, आन् मी मधी तोंड घातलं तर मला — मला! — म्हणतो, आबा, तुमाला हितला इतिहास ठावं न्हाई. मी हात जोडले त्याला. लोकं ऐकत्यात बाई, निस्तं तोंड गंभीर ठेवावं लागतं. आन् हा केरबा, कणीस भाजतोय त्यो, ह्याच्यावर लिवलं: ‘केरबा, मावळातील थोर कणीसतज्ज्ञ’. चार तासांत साफ! कारण काय, तर ‘उल्लेखनीयता नाही’. मी ह्याला वाचून दाखवलं, तर ह्यानं तीन दिस गाडी लावली न्हाई. म्हणतो, महिपती, चाळीस वर्सं हितं उभा हाय, रस्ता दोनदा रुंद झाला पर मी हाललो न्हाई, आन् मला उल्लेखनीयता न्हाई? व्हय का न्हाई रं केरबा? — बघा, अजून तोंड फिरवतोय. ह्या बाईंनीच काढला बरं का तुझा लेख! कणीस करपू देऊ नगंस त्यांचं.

मग मला ‘अवरोधित’ केलं. काय शब्द हाय! घाटात दरड कोसळल्यागत. मी दुसऱ्या नावानं आलो, तेबी अवरोधित. तिसऱ्या नावानं आलो आन् चौदावा लेख लिवला. भागुबाईचा. भागुबाई म्हंजे आमच्या मंडळी, दोन वर्सं झाली जाऊन. त्यो लेख मी हसत लिवला न्हाई, बाई. आठ दिस लागले. ‘भागुबाई’ म्हटलं की फोन ‘भाग दोन बाई’ लिवायचा — मी म्हटलं, आरं भाड्या, तिचा भाग एकच हुता, दुसरा कुटनं आणू? — सारखं सारखं बोलून घसा बसला. आन् पान वर गेल्यावर तिसऱ्या दिवशी बघतो तर डोक्यावर लाल पट्टी. वर काय? ‘पानकाढा’. खाली ‘सात दिवस’.

आता हितंच तुमची-माझी गाडी चुकली. मला काय वाटलं सांगू? — केरबा, तू हसू नगंस, तूबी प्यालायस — मला वाटलं, पानांचा काढा! कुणीतरी लिवलंय की पानांचा काढा सात दिस घ्यावा. आमची भागुबाई अडुळशाच्या पानांचा काढा करायची, गावात कुणाला खोकला झाला की तिच्या दारात तांब्या घेऊन उभं. मी म्हटलं, बघा! कुणीतरी वळखीचं निघालं तितं, तिचा काढा ठावं असलेलं. डोळ्यात पाणी आलं माझ्या. मी अडुळसा आणला, उकळला, आन् चार दिस मी आन् हा केरबा, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा पेला — कडू जहर! पाचव्या दिवशी आमची सून, सारिका, कामशेतात कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला हाय ती, तिला म्हटलं, बघ बाई, तुझ्या सासूचा काढा आता सगळ्या जगात. तिनं वाचलं. मग म्हणाली, आबा, पान-काढा न्हाई. पान काढा. हे पान काढून टाका म्हणत्यात. चार दिस मी काढा पीत बसलो, बाई, आन् तिकडं तिला काढून टाकायची मुदत संपत आलीवती. आज सातवा.

मग गेलो त्या चर्चेच्या पानावर. चर्चा म्हंजे काय, आमच्या ग्रामसभेगत — सगळे बोलतात आन् शेवटी ठराव आधीच झालेला. एकानं लिवलं, संदर्भ हवा. दुसऱ्यानं लिवलं, ह्या सदस्यानं आधी बनावट लेख लिवलेत. ते खरं हाय, त्याच्याशी माझं भांडण न्हाई. तिसऱ्यानं लिवलं, जवळच्या माणसाबद्दल सोता लिवू नये. मग कुणी लिवावं? लांबच्यानं? लांबच्याला ती ठावं तरी हाय का? आन् तुमी लिवलं, ‘मी प्रत्यक्ष भेटून पाहते.’ तेवढंच एक माणसागत वाक्य हुतं, म्हणून मी पत्ता दिला. न्हाईतर केरबाचा दिला असता.

काय काढताय पिशवीतनं? कात्रण? — द्या बघू. चष्मा न्हाई आणला. — आणलाय, थांबा. अगं आयायायाय. हे कुटं घावलं तुमाला? पुण्यात? जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात बसून शोधलंत? दोन दिस? बाई, तुमी माणूस हाय का भुंगा? ‘धोतराचा दोर करून शेतकऱ्याने अकरा जणांचे प्राण वाचवले. कार्ल्याच्या श्री. महिपती यांचे धाडस.’ चौऱ्याऐंशी साल. व्हय, मीच. फोटोत मीच. मिशी बघा कशी हाय.

तर असं म्हणायचंय तुमाला — भागुबाईच्या पानात मी लिवलेली अकरा माणसं ह्या कात्रणात माझ्या नावावर हायत, म्हणून पान राहील. काढायचं न्हाई. पर भागुबाईचं नाव जाईल आन् माझं येईल, कारण माझ्याला हा संदर्भ हाय. छापील. आन् तिच्याला काय न्हाई. म्हंजे तेरा खोटे लेख लिवणारा मी, मला पान, आन् — न्हाई बाई. न्हाई म्हणजे न्हाई. फोनातलं ‘नाही’ बी लिवा खाली.

ऐका आता. केरबा, तू कणसांकडं बघ. — जरा हिकडं सरका, बाई. आखाडातली गोष्ट, लावणी चाललीवती. सहलीची एक गाडी रस्ता सोडून ह्या खालच्या ओढ्यात गेली, पाणी खिडकीला लागलं. शेजारच्या खाचरात सात बाया भात लावत हुत्या. आमची भागुबाई त्यात. दोर न्हाई, गडीमाणूस न्हाई. हिनं काय केलं, तितंच चिखलात उभं राहून लुगडं सोडलं. म्हणाली, सोडा गं सगळ्या! सात नऊवाऱ्या — त्रेसष्ट वार झाले का न्हाई? चौथीतला असलो तरी एवढं येतं — गाठी मारल्या, एक टोक करंजाला, दुसरं हिच्या कमरेला, आन् ही उतरली पाण्यात. बाकीच्या सहा जणींनी धरून ठेवलं. अकरा माणसं, एकेक करून. आन् सगळं झाल्यावर ह्या सातजणी अंगावर पावसाची इरली ओढून बसल्या, डोक्यापासनं ढोपरापर्यंत बांबू-पानांची टोपडी, कासवं बसल्यागत. तेवढ्यात पुण्याचा पेपरवाला आला. इचारतो, कुणी काढलं ह्यांना? कोण बोलणार? लुगडी सोडली म्हणून पेपरात यायचं? सरूबाई म्हणजे त्यातली एक, अजून हाय, ऐंशीची — तिला जाऊन इचारा तुमी, ती आजबी म्हणेल, मी न्हाई बाई सोडलंवतं, ह्या बाकीच्यांनी सोडलं असंल. ती मरेल पर त्या लुगड्याचं कबूल करायची न्हाई. म्हणून मी म्हटलं, लिवा माझं. बायांची अब्रू झाकली. त्यात काय वाईट केलं?

मी कुटं हुतो म्हणता? तितंच हुतो की. बांधावर. — बांधावर म्हंजे जवळच. — कामशेतात, बाई. कामशेतात तांदळाच्या दुकानामागं पत्ते खेळत हुतो, बास? सायकलनं आलो तवा अकरा माणसं काठावर कुडकुडत हुती आन् पेपरवाला वही काढून उभा. ‘कुणी काढलं?’ म्हणला, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं — ‘मी!’ अहो, गंमत! मी कायमच असं करतो, तुमाला ठावं हाय माझा सोभाव! वाटलं, आत्ता सगळ्या हसतील, भागुबाई शिवी घालेल, मग ह्याला खरं सांगू. तर ही इरल्यात तोंड खुपसून एवढी हसली, एवढी हसली, आन् बोललीच न्हाई. त्यानं इचारलं, दोर कशाचा? मी म्हटलं, धोतराचा. एका धोतराचा दोर बाई, ओढ्याच्या काठापासनं गाडीपर्यंत! धोतर का मांडव? त्याला एकानं तरी म्हटलं का, ‘संदर्भ हवा’? कुणी लावला का त्याच्यावर पानकाढा? न्हाई! छापलं. मग शाल आली, कोपऱ्यात माझं नाव भरलेली, नारळ आला, शाळेत सत्कार. तवापासनं झेंडावंदनाला पहिली खुर्ची माझी, आजतागायत, हेडमास्तर सोता धरून बसवतो. चाळीस वर्सं. माझी एक गंमत तेवढी मला मागं घेता आली न्हाई.

घरात रोज कुरबूर हुती असं न्हाई हो. ती माझ्याहून वस्ताद. दर दिवाळीला ट्रंक उघडायची, शाल उन्हात टाकायची आन् शेजारणींदेखत इचारायची, ‘अहो, कुणाची म्हणायची ही?’ मी म्हणायचो, तुझीच, थंडी वाजली तर घे. कधी घेतली न्हाई. शेवटच्या आजारात तिला हिव भरलं, घरात होतं नव्हतं ते पांघरूण घातलं, वरनं ती शाल टाकली. तर हातानं बाजूला सारली. म्हणाली, ‘आधी हिच्यावरचं नाव बदला.’ मी हसलो. मला वाटलं, नेहमीचीच गंमत. — ती हसली न्हाई.

ते जाऊ द्या. ते तुमच्या वहीत लिवू नगा, ते मी बोललोच न्हाई.

तर ही अशी गोष्ट हाय. खोट्याला छापील कागद हाय आन् खऱ्याला एक हट्टी सरूबाई. तुमचा नियम काय म्हणतो? कागद म्हणतो. मग काढा पान! आत्ता काढा, माझ्यासमोर, लावा बोट. मी भितो व्हय? पंधरावा लेख लिवीन भागुबाईचा. अवरोधित करा, केरबाच्या नावानं येऊन सोळावा लिवीन. पर एक सांगून ठेवतो बाई — त्या पानावर तिचं नाव खोडून माझं घातलं ना, तर मी सोता जाऊन त्याच्यावर पानकाढा लावीन! आता म्हायती झालंय मला कसा लावतात. माझ्या सोताच्या पानावर! कारण खाली लिवीन — हा इसम खोटारडा हाय, ह्यानं एकबी माणूस पाण्यातनं काढला न्हाई, ह्याला पवता बी येत न्हाई.

केरबा, कणीस जळतंय रं! हिकडं काय बघतोस डोळे फाडून?

आन् बाई, आणखी कसला संदर्भ पायजे तुमाला? मी सांगतोय ना, माझ्या तोंडानं, भर दुपारी, की त्या कात्रणातला माणूस खोटं बोलला. त्या माणसाला माझ्याहून जास्त वळखणारा कोण हाय? मघापासनं मी एकटाच बोलतोय आन् तुमी निस्त्या बघताय. बोला की. काय असंल ते तोंडावर बोला.

“आबा, मला सांगून भागणार नाही. यंदाच्या झेंडावंदनाला मी पेपरवाल्याला घेऊन येते — हेच सगळं त्या पहिल्या खुर्चीतून उठून सांगा, गावासमोर, नावानिशी. छापून आलं की तोच भागुबाईंचा संदर्भ. सांगाल?”