फणसाकडचा सांधा

"हॅलो? … हॅलो? … होय, होय, मी गुरुदास बोलतंय… कोण? … जानक्याबाय? गो बाय, मोठ्यान बोल, हय समुद्राचो आवाज येता… फोनातसून येता? मगे तो तुझ्याकडचो समुद्र असतलो."

गावच्या पोस्टात फोन एकच, आणि तो पोस्टमास्तर भिकाजींच्या बरोबर डोक्यावर भिंतीला टांगलेला. त्यामुळे गुरुदासचे बोलणे आधी भिकाजींच्या टकलावर पडायचे आणि मग मुंबईला बहिणीकडे जायचे.

"भावोजी अजून निजत नाय? … झोपेत हात खंय जाता? … खाटीचो पाय ओढतत? … आणि तू खाली पडतस? … नाय गो, मी हसाक नाय, भिकाजी हसता."

दत्ताराम भावोजींनी उभा जन्म रेल्वेत सांधेवाला म्हणून काढला. दांडा ओढायचा, रूळ सरकायचे आणि अख्खी गाडी निमूट दुसऱ्या वाटेला लागायची. पेन्शनीत बसले तरी हात ऐकेना. गावी यायला मात्र तयार नव्हते. जिथे रूळच नाही तिथे माणसाने करायचे काय? आणि रूळ तर अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. म्हणून गुरुदासने तो आपल्या माडांच्या बागेत घातला.

"आयक मगे… होय, खरीच रेल्वे. बैलगाडयेच्या चाकांचे लोखंडी पट्टे लोहारान सरळ करून दिले, तेच रूळ… नाय, इंजिन नाय, चाकांचो नुसतो डबो. नारळ घालूचे आणि ढकलूचे… फणसाकडे फाटो फुटता. एक वाट खळ्यात, दुसरी बावीकडे… होय गो, थय सांधो आसा! हातान ओढूचो. ता सांग त्यांका."

"… दांडो कसलो? थांब, तोच तर घोळ आसा. पयलो केलो आंब्याच्या लाकडाचो. हलको. त्याच्यार कोंबडो बसलो, सांधो बदललो आणि भरलेली गाडी गेली ती बावीच्या पाण्यात… कोंबड्याक काय झाला नाय. तो आता रोज थयच बसता, नोकरी लागल्यासारखो… मगे लोखंडाचो केलो, जड. तो खाऱ्या वाऱ्यान गंजलो… लावलंय ना, खोबरेल लावलंय! थंडी पडली तसा तेल थिजला आणि सांधो हलाना. उन्हा येयसर रेल्वे बंद… होय, होय, आयक ना… मगे होडयेक लावतत ता माशाचा तेल लावलंय. थिजाक नाय, गंजाक नाय… मांजरा! गावातली सगळी मांजरा रुळार ओळीन बसतत. तुझी भावजय म्हणता, ह्यांका तिकिटा दी."

खिडकीतून वारा आला आणि गुरुदास बोलता बोलता थांबला. त्याला वाटले, संध्याकाळ झाली आहे, बाग निळी पडली आहे, भावोजी धोतर खोचून दांड्यापाशी उभे आहेत, आणि समुद्रावरून एक लांबलचक गाडी, सगळे दिवे लावून, पाण्याला जराही धक्का न लावता, कुंपणाच्या फाटकातून आत शिरते आहे. भावोजी दांडा ओढतात. गाडी मान हलवल्यासारखी खळ्याकडे वळते.

"हां… हां, आसंय मी… काय म्हणतत? … असल्या खेळण्यासाठी येवचे नाय? … बाय, फोन त्यांका दी… दी गो! … भावोजी? नमस्कार… होय, गुरुदास… दांडो? … आता खयच्या बाजूक आसा? … मधी."

"… मधी म्हणजे मधोमध, भावोजी… नाय, तुटलेलो नाय. मुख्य लाईन खळ्याची की बावीची, ह्याचो देवाक कौल लावलो. उजवा फूल पडला आसता तर खळा, डावा पडला आसता तर बाव. दोनय एकदम पडली… म्हणान गुरव म्हणालो, देवाचो शब्द मोडू नको. दांडो मधीच बांधून ठेवलंय, सुंभान."

रिसीव्हर कानापासून वीतभर लांब गेला. भिकाजींनाही नीट ऐकू येत होते.

"भावोजी… रागाव नकात… होय, चाक अडाकतला… होय, गाडी लवंडतली… लवंडता ना, रोज लवंडता. आमका वाटला रेल्वे अशीच असता… नाय, नाय, जीव कोणाचो जावक नाय. नारळच… बंद ठेवू? … कोण येयपर्यंत? … तुमी? … खयच्या… उद्याच्या बोटीन?"

भिकाजींचा शिक्का मारायचा हात हवेतच राहिला.

"… होय, हात लावचंय नाय… लाल बावटो? दाखवतंय. कोणाक दाखवू? … होय, कोण नसलो तरी… सांध्याकडेच उभो रवतंय… पण भावोजी, बोट लागापर्यंत दोन दिस… होय. होय साहेब… बाय कित्याक रडता? … हॅलो? … हॅलो?"

लाईन गेली होती. गुरुदासने रिसीव्हर अगदी हलक्या हाताने अडकवला.

"भिकाजी, लाल कापड आसा रे?"

भिकाजींनी टपालाची पिशवी बांधायचे लाल फडके सोडून दिले. गुरुदासने ते काठीला बांधले आणि काठी उंच धरून तो बाजारातून घराकडे चालू लागला. समोरून येणारी बैलगाडी थांबली. तिच्यामागची गाडीही थांबली.