बाबांचा स्टेंट आणि माझा राजीनामा

खरं सांगते, नोकरी सोडताना मला पगाराची नाही, बाबांची धास्ती होती. त्यांच्या हृदयातला स्टेंट माझ्या ऑफिसच्या विम्यावर बसला होता, आणि शेवटच्या दिवशी तो विमा संपणार होता. म्हणून त्याच विमा कंपनीत मी आमची स्वतःची पॉलिसी मागितली. चौकशीसाठी विमा कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा बाबांना फोन आला. स्पीकर चालू होता.

"काका, काही आजार?"

"काहीच नाही जी. एकदम टकाटक."

खोटं सांगितलं तर पुढे क्लेमच नाकारतात. मी खुणा करून राहिले, बाबा भिंतीकडे पाहून राहिले.

"पण इथे तर स्टेंटची नोंद आहे."

"तो कंपनीच्या विम्यातला जी. पोरीनं कंपनी सोडली, आता तो कायले सांगू?"

"काका, नोकरी तिनं सोडली. स्टेंट तुमच्याजवळच आहे."

मग बाबांनी शुगर, बीपी, सगळं सांगितलं. पुढे पॉलिसीही मिळाली. पण तेव्हा फोन ठेवल्याबरोबर मी ओरडलेच, "काहून लपवलं बाबा?"

"मले वाटलं, माह्या बिमारीपायी ते नाही म्हनतीन, अन् तू माह्यासाठी त्याच नोकरीत अडकून राहशीन."