कारण बाहेर पडू नये

...आणि वर मलाच विचारतात, "पेंटर, तुम्हाला काय त्रास होतो हो?" मला! मला कसला त्रास, मी आपला खुर्चीवर बसलेला, पुढ्यात दोरी, मांडीवर वही, कानावर पेन्सिल, तोंडाला फडकं, डोक्यावर ऊन आणि समोर ही माणसं! रोज! सकाळी सातपासून! तुम्हाला सांगतो, लॉकडाऊन म्हणजे काय ते त्या गल्लीला शेवटपर्यंत कळलंच नाही. त्यांचा आपला समज, लॉकडाऊन म्हणजे घरात बसायचं, पण ते दुसऱ्यांनी. आपल्याला काय? आपल्याला कारण आहे!

कारण आहे! हे दोन शब्द ऐकले ना की अजून माझा हात आपोआप वहीकडे जातो. वही कुठे आहे आता? रद्दीत गेली. हात जातो तरी.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे हो, एवढं कुठलं नशीब! पाट्या रंगवणारा. 'येथे वाहने लावू नयेत', 'येथे थुंकू नये', 'हात लावू नये'. चाळीस वर्षं मी लोकांना काय करू नये ते रंगवून सांगतोय, आणि चाळीस वर्षं लोक नेमकं तेच, तिथेच, माझ्याच पाटीला टेकून करताहेत. तर सगळं बंद झालं तेव्हा वॉर्ड ऑफिसातले साहेब दारात हजर. "पेंटर, उद्या सकाळी बोर्ड पाहिजे. मजकूर घ्या, विनाकारण बाहेर पडू नये. अक्षर असं काढा की आंधळ्यालाही दिसलं पाहिजे." आता दुकानं बंद, पत्रा आणू कुठून? घरात एका शिंप्याचा जुना पत्रा पडला होता, त्याच्यावर पांढरा हात मारला. पण पत्रा अरुंद आणि साहेबांचं अक्षर मोठं, 'विनाकारण' एका ओळीत बसेचना! मग काय करणार? वर एकटं 'विना', खालच्या ओळीत 'कारण बाहेर', त्याखाली 'पडू नये'. झालं. नेऊन बांधला गल्लीच्या तोंडाशी. तर साहेब म्हणतात, "आता तुम्हीच बसा इथे. मजकूर तुमचाच पाठ आहे!" घ्या! म्हणजे उद्या मी दवाखान्याची पाटी रंगवली तर ऑपरेशनही मीच करायचं!

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. माझी पाटी चाळीस वर्षांत कधी परस्पर गिऱ्हाइकाकडे गेलेली नाही. आधी ताईला दाखवायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी, शाळेत बाई होती. आई लवकर गेली आमची. माझा हात हातात धरून पाटीवर पहिला 'ग' गिरवून घेतला तो तिनं. मी अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे वाजतात, कवळीचं माप देऊन आलोय, पण तिला मी छोट्याच. "छोट्या, अख्ख्या पाटीवर वेलांटी एक, आणि तीच चुकवलीस? धन्य आहे बाबा तुझी!" रंग ओला असतानाच पुसायला लावायची. ती राहायची त्याच गल्लीत, एकटी, तिसरी इमारत, पहिला मजला, रस्त्याकडे खिडकी. मी रस्त्याच्या या बाजूला. मधे नुसता रस्ता, आणि आता मीच बांधलेली दोरी. आतल्यांनी विनाकारण बाहेर यायचं नाही, बाहेरच्यांनी आत जायचं नाही. म्हणून ही एक पाटी तिला न दाखवता गेली. एकच!

पहिल्या दिवशी सातच्या ठोक्याला खिडकी उघडली. "छोट्याऽऽ!" अख्खी गल्ली गॅलरीत आली. "विनाकारण हा एक शब्द आहे! तोडलास का?" म्हटलं, "ताई, पत्रा अरुंद होता गं!" "पत्रा अरुंद असेल, भाषा नाही अरुंद! जोड तो शब्द!" गल्ली अशी हसली म्हणता! मी लाल. म्हटलं, "जोडतो गं, हे सगळं संपू दे, जोडतो."

संपू दे म्हणे...

तर वहीत रकाने चार. नाव, बाहेर जायची वेळ, कारण, परत यायची वेळ. आणि काय कारणं हो! एक गृहस्थ हातात विजेचं बिल घेऊन निघाले, बघतो तर मागच्या वर्षीचं. म्हटलं, हे भरलंय! "हो, पण नीट भरलंय का ते बघायला नको?" एका बाईंची गुडघेदुखीची चिठ्ठी होती, खरी होती बिचारीची. आठवड्यात तीच चिठ्ठी अख्ख्या इमारतीकडे! झेरॉक्सचं दुकान बंद असताना झेरॉक्स काढल्या कुठून, देव जाणे! आणि त्या तिसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावरचे काका! त्यांचं खरं आडनाव मला आजतागायत माहीत नाही, मी त्यांना पाचमिनिटे म्हणतो. कारण दोरीशी आले की, "पाचच मिनिटं पेंटर, पाचच मिनिटं, कारण आहे!" आणि दीड तासाने परत. एकदा म्हटलं, चिठ्ठी दाखवा. दाखवली. वाचतो तर गरोदरपणातल्या गोळ्या! म्हटलं, "काका, कितवा महिना?" तर न लाजता म्हणतात, "तुम्ही गंमत करा हो, माझं पित्त खवळलंय."

किराण्याचं दुकान तेवढं उघडं, त्याच्यापुढे गोल मीच काढले होते. पिवळे, सहा-सहा फुटांवर, दोरी लावून, अगदी परकार फिरवल्यासारखे. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक गोलात एक पिशवी उभी. पिशवी! आणि माणसं? माणसं सगळी झाडाखाली, खांद्याला खांदा, तोंडाला तोंड लावून गप्पा, "लोकांना शिस्तच नाही राहिली!" तुम्हाला सांगतो, त्या साथीत सगळे नियम कोणी पाळले असतील तर त्या पिशव्यांनी. एकही पिशवी आजारी पडली नाही.

आणि मी ओरडलो की पाचमिनिटे पुढे! एकदा त्यांनी फडकं नीट बांधायला म्हणून हातातली पिशवी माझ्या बोर्डाच्या कोपऱ्याला अडकवली. नेमकं 'विना' झाकलं. मी म्हटलं, कारण सांगा. ते बोर्डाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मोठ्याने वाचतात, "कारण बाहेर पडू नये! अहो, तुम्हीच लिहिलंय की! कारण बाहेर पडू नये, पोटातच ठेवावं! म्हणून नाही सांगत!" आणि गेले! माणसं पोट धरून हसताहेत, वर खिडकीत ताईही हसतेय, डोळे पुसतेय आणि मला बोटाने दाखवतेय, बघ, तोडलास ना शब्द? भोग आता!

वाईट नव्हते हो पाचमिनिटे. हेच तर दुखणं आहे. नुसते वाईट असते तर मी आज निवांत शिव्या देत बसलो असतो. पण ताईचं दूध वर कोण न्यायचं? तेच. मी इकडून घ्यायचो, दोरीवरून त्यांच्या हातात द्यायचो, ते जिना चढून तिच्या हातात द्यायचे. कारण ताई नियमाची पक्की, दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. आणि मी नियमाचा तिच्याहून पक्का, दोरीच्या आत पाऊल टाकायचो नाही. दोन पक्की माणसं, आणि मधे ये-जा करायला एक कच्चं. सोयीचं होतं हो...

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. मी दोरीशी, ती खिडकीत, एकमेकांना दिसतोय आणि फोनवर बोलतोय. म्हणाली, "छोट्या, एकदा वर येऊन जा ना." मी दचकलो. "का गं? ताप आहे? गोळ्या संपल्या?" "नाही रे, बरी आहे मी." "मग पडलीस-बिडलीस का?" "नाही रे बाबा." आणि तुम्हाला सांगतो, दिवसभर तेच तेच विचारून जिभेला इतकं वळण पडलं होतं ना, की माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कारण काय?"

बहिणीला! कारण काय!

ती हसली. म्हणाली, "कारण कशाला लागतं रे? असाच ये. विनाकारण ये."

आता तुम्ही म्हणाल, गेला असेल. कोणीही गेला असता. गल्लीतला प्रत्येक माणूस गेला असता, चिठ्ठी नाचवत गेला असता! मी काय म्हणालो? "ताई, बोर्ड मी लिहिलाय. मीच गेलो तर लोकांना कुठल्या तोंडाने अडवू?" ती म्हणाली, "खरं आहे तुझं. मी शाळेतली बाई, मीच तुला नियम मोड कसं सांगू? राहू दे." आणि खिडकीतून हात हलवला. चाळीस पावलं होती हो तिच्या दारापर्यंत. नंतर मोजली मी.

त्याच आठवड्यात पाचमिनिट्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस. मला वाटलं घरातल्या घरात करतील. दोरीवरून तर कोणी गेलं नाही! आणि दुपारी बघतो तर तळमजल्यावर फुगे, गाणी, पंधरा-वीस माणसं! आली कुठून? मागच्या भिंतीवरून! गल्लीतलीसुद्धा, मला दिसायला नको म्हणून! साठी उलटलेल्या बायका, त्याच, गुडघेदुखीच्या चिठ्ठीवाल्या, भिंत चढून आल्या! मी दोरीपाशी उभा राहून ओरडतोय, घसा बसेपर्यंत ओरडतोय, आणि पाचमिनिटे तोंडाला केक लागलेला तसेच दारात येऊन मला समजावतात, "अहो पेंटर, घरचीच माणसं आहेत! आणि पहिला वाढदिवस काय परत येतो? कारण आहे!"

चार दिवसांनी ते दोरीशी आले ते शिंकतच. म्हटलं, हे काय? "काही नाही हो, पंख्याची सर्दी." आणि दुधासाठी हात पुढे केला. मी... मी पिशवी दिली. रोजची सवय. दिली हो मी. त्यांच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, कोणाला काय माहीत कुठून येतं ते. लोकांपुढे नाही म्हणत. मनात रोज म्हणतो. आणि मनातच विचारतो, पिशवी कोणी दिली रे छोट्या?

मग एके दिवशी सात वाजले, आणि खिडकी उघडली नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दवाखान्याची गाडी आली. ताईला खुर्चीवर बसवून खाली आणलं. मला कोणी जवळ जाऊ देईना. दोरी मीच उचलली. तिच्यासाठी दोरी मी उचलली! गाडी माझ्याजवळ जरा थांबली, काच बंद, आत ती, तोंडाला नळी लावलेली, बोलता येत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बोर्डाकडे बघितलं, आणि दोन बोटं वर केली. लांब धरली. आणि हळूच जवळ आणून चिकटवली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी काहीतरी मागताहेत का?" मी म्हटलं, नाही हो. शब्द जोड म्हणतेय.

वहीत लिहिलं मी. नाव लिहिलं. जायची वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात पेन्सिल चालेना. परत यायची वेळ, तिथे तीन टिंबं देऊन ठेवली.

तडक घरी आलो आणि माझ्या दारावरची माझी स्वतःची पाटी उतरवली, 'येथे सर्व प्रकारच्या पाट्या रंगवून मिळतील'. चांगला रुंद पत्रा! पहिल्याच दिवशी का नाही सुचलं, विचारा मला! पुसला, पांढरा केला, आणि लिहिलं. विनाकारण. एका ओळीत. एकच शिरोरेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे तोड नाही. असं अक्षर माझ्या हातून आयुष्यात उतरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बांधला, तिच्या खिडकीतून दिसेल असा, जरा तिरका. आली की आधी तेच बघणार ना ती!

नऊ दिवस. दहाव्या दिवशी फोन, "तुमच्या ताई गेल्या. इकडे येऊ नका, परवानगी नाही, नियम आहे." आणि तुम्हाला सांगतो, लोकांनी नियम मोडले म्हणून घसा फोडणारा मी, तोसुद्धा नियम मी पाळला.

आता सगळं उघडलं. दोरी गेली, गोल पुसले गेले, गल्लीत तीच गर्दी. दोरी नाही म्हणताना मी रोज जातो. चाळीस पावलं, आणि खिडकीखाली उभा राहतो. काही काम नसतं. परवा पाचमिनिटे बाहेर आले. वाळलेत बरेच. हातात दुधाच्या पिशव्या दोन. माझी नजर त्यांवर गेली तर म्हणाले, "सवय हो... एक जास्तच घेतली जाते." आता त्या पिशवीचं दोघांनी काय करायचं? दोघेही नुसतेच बघत राहिलो तिच्याकडे. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काय पेंटर, आज इकडे कुठे? काही कारण?"

मला! कारण! दोन महिने तोंडात अडकून बसलेलं सगळं वर आलं, म्हटलं आता सोडत नाही यांना, आता ऐकवतोच! तोंड उघडलं आणि म्हटलं, "काही नाही हो, असाच... विना..."

आणि तिथेच तुटला बघा शब्द. वरून काही आवाज येतो का म्हणून मी जरा वेळ थांबलो. खिडकी बंद होती. मग खाली मान घालून उरलेलं म्हणालो, "...कारण."